झेंडूआडचा कॅमेरा

जळकोट,
४ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,
दयानंदचा सा. न. वि. वि.

पत्र कागदावर लिहितोय, कारण घरच्या ग्रुपवर काही टाकलं की तुझ्याआधी मुरुडच्या काकूंचा सल्ला येतो. इकडे सगळे बरे. तुझी भावजय आरती गुडघ्यांवरून देवाला आणि मला सारखंच बोलते.

मुद्दा असा की बियाण्याच्या दुकानात कॅमेरे बसवायचं ठरवलंय. दोन महिन्यांपासून टेबलाच्या खणातली मिरची-दोडक्याची पाकिटं गायब होतायत. खण मी उघडतो, नाहीतर रामकिशन. बावीस वर्षं दुकानात असलेला माणूस. त्याच्यावर शक घ्यायला मन धजत नाही, म्हणून म्हटलं यंत्रालाच घेऊ दे.

लातूरला चौकशी करून आलो. एक दुकान आणि मागे गोदाम म्हटल्यावर कॅमेरेवाल्यानं आठ कॅमेऱ्यांचा नकाशाच काढला. म्हणाला, अंधारात मुंगीसुद्धा दिसेल. मी म्हटलं, मुंगी नेत असेल तर नेऊ दे. तारेचे घ्यावेत की वायफायचे, आवाजाचे की मुके, काही कळेना. यज्ञेशनं तुझ्या हॉलमध्ये बसवलाय, तेव्हा घरात जाणकार तूच.

उत्तर लवकर दे. लोभ आहेच, तो दोन बोटं वाढला तर कुणाचं काय जातं?
तुझा,
दयानंद


नांदेड,
१० सप्टेंबर

चि. दयानंदास,
अ. उ. आ.

मी जाणकार नाही, आरोपी आहे. न्हाणीत पाय घसरला तेव्हापासून पोरगा पुण्यात बसून माझ्यावर नजर ठेवतो. परवा टीव्हीसमोर खारे शेंगदाणे खात होते, तर भिंतीतून यज्ञेशचा आवाज आला की आई, बीपी आहे, पुरे कर. आता त्या कॅमेऱ्यावर मी टॉवेल वाळत घालते.

तरी सांगते. तारेचेच घे आणि इन्व्हर्टरला जोड. तुमच्याकडची वीज पाहुण्यासारखी येते. आठ कशाला, चार पुरे. आवाजाचा मात्र घेऊ नकोस. तुझं तोंड सकाळी आठला सुरू होतं, ते साठवायला डबा पुरायचा नाही.

आता गंमत बाजूला. तुला टायफॉईड झाला तेव्हा दीड महिना दुकान कुणी चालवलं, हे विसरू नकोस. बसवायच्या आधी रामकिशनला तुझ्या तोंडानं सांग. आणि त्याच्या डोक्यावर लावायचा असेल तर आधी तू तिथं बसून बघ कसं वाटतं ते. मी रोज बसते, म्हणून सांगतेय.

आरतीला तेल पाठवतेय. ते गुडघ्यांना लावायचं आहे, तिनं तुझ्या डोक्यावर ओतू नये.
तुझी,
महानंदा अक्का


जळकोट,
५ ऑक्टोबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही, आणि तोंडावर पडलो.

चार कॅमेरे बसवले. आवाजाचे घेतले, कारण त्याच किमतीत मिळत होते आणि फुकटचं सोडायची आपल्या घराण्यात रीत नाही. खणावरचा नेमका रामकिशनच्या स्टुलावर आला. त्याला सांगायचं आज-उद्या करत राहून गेलं. दोन दिवस तो मान वर करून बघत बसला. मग विचारलं की मालक, हे माझ्यासाठी हाय का. मी म्हटलं, सगळ्यांसाठी आहे.

खंडेनवमीला आरतीनं तराजू, फवारणी पंप, शटर, सगळ्यांची पूजा केली. कॅमेऱ्यांनाही हळदकुंकू आणि झेंडूचे हार. हार रामकिशननं बांधले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खण उघडला तर टरबुजाची चार पाकिटं नाहीत. चित्रण लावलं. खणावरच्या कॅमेऱ्यात दोन दिवस नुसता झेंडू. चोर नाही, खण नाही, झेंडूच झेंडू.

चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर माझ्या तोंडून निघून गेलं की रामकिशन, हार तूच बांधलास ना. त्यानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या, चपला घातल्या आणि गेला. तो तेव्हापासून आलेला नाही. आरतीनं माझ्याशी बोलणं सोडलंय. काय करू ते सांग.

लोभाला लायक राहिलोय की नाही, ते तूच ठरव.
दयानंद


नांदेड,
८ ऑक्टोबर

चि. दयानंदास,
आशीर्वाद आहेत, पण आज मोजकेच.

अरे शहाण्या, डोळा झाकला होता, कान तर उघडा होता ना? आवाजाचा घेतलास तो काय शोभेला? दुकान बंद करून एकटा बस आणि सगळं ऐक. रामकिशनच्या स्टुलावर बसून ऐक.
अक्का


जळकोट,
१३ ऑक्टोबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

ऐकलं. पहिला तासभर मीच सोयाबीनच्या भावावर बोलतोय. कंटाळा आला मला माझा. मग दसऱ्याच्या दिवशीचा उदगीरकडच्या गुंडप्पाचा आवाज आला. सोनं द्यायला आला होता. म्हणाला, मालक, तुमच्या टरबुजानं गावात नाव झालं. पुढं माझाच आवाज. अरे ने की लेकीच्या रानात लावायला, पैसे कसले देतोस, दसरा आहे. मग खणाचा करकर आवाज. मागचे दिवस लावले, तिथंही तेच. कुणी कौतुक केलं की माझा हात खणात जातो, आणि मला ते पाठ फिरताच आठवत नाही. चोर मीच होतो, अक्का.

तसाच उठून रामकिशनकडे गेलो. त्याच्या बायकोनं, लक्ष्मीबाईनं, पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला ठावं हाय, मी रोज बघत होतो. मग बोलला का नाहीस, म्हटलं. तर म्हणाला की मालक वैनीच्या चोरून दानधर्म करतेत असं वाटलं, आपण कशाला बोभाटा करावा. चार लोकांत माझ्यावर आळ आला तेव्हासुद्धा त्यानं माझी झाकलेली मूठ झाकलेली ठेवली. शेवटी एवढंच म्हणाला, की बावीस वर्षं मी तुमच्याकडं बघितलं मालक, तुम्ही एकदा माझ्याकडं बघितलं असतं तर हे यंत्र लागलं नसतं.

मला रडू आलं. तिथंच, त्याच्या ओट्यावर.

दुसऱ्या दिवशी त्याच चार गिऱ्हाइकांना बोलावून त्यांच्यासमोर माफी मागितली. रामकिशन कालपासून येतोय. कॅमेरा काढतो म्हटलं, तर नको म्हणाला. स्टुलावर चढून त्यानं कॅमेऱ्याचं तोंड माझ्या खुर्चीकडे फिरवलं. आज एकजण माझ्या कोथिंबिरीची तारीफ करायला लागला, तसा गोदामातून खोकल्याचा आवाज आला. माझा हात खणावरच थांबला.

भाऊबीजेला ये. जमलं तर थोडा लोभ घेऊन ये.
दयानंद


नांदेड,
१६ ऑक्टोबर

चि. दयानंदास,
अ. उ. आ., या वेळी भरपूर.

भाऊबीजेला सकाळच्या गाडीनं येते. रामकिशन आणि लक्ष्मीबाईला जेवायला बोलावून ठेव. पाट दोन मांड. आधी त्याला ओवाळीन, मग तुला.

आणि माझ्या ताटात बियाण्याचं पाकीट टाकलंस तर याद राख.
तुझी,
अक्का