गुरुवारचा अर्धा वाडगा

प्रिय कातरबाई,

जावयाची पाठ कशी आहे? त्याला म्हणावं, खुर्चीत बसून काम करणाऱ्याने मधून मधून उभं राहिलं तर खुर्ची रागावत नाही. लेकीचा खोकला गेला का? नातीला चष्मा लागला असं ऐकलं. लागू दे, नाक तिचं तुझ्यावर गेलंय, घसरायची भीती नाही. मांजरी पुन्हा व्यायली का? आणि तू? तुझी चौकशी मी मुद्दामच करत नाही. जे तू होऊन सांगितलं नाहीस ते मी का विचारू?

हे पत्र रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते. फोन तू उचलत नाहीस. उचललास तर तुझा आवाज ऐकून माझा राग लोण्यासारखा वितळेल, आणि मला तो इतक्यात वितळायला नको आहे. म्हणून सूनबाईचं पेन घेऊन बसले. तिने विचारलं, आई, कुणाला एवढं लिहिताय? म्हटलं, एका खोटारड्या बाईला. ती म्हणाली, मावशींना ना, मग चहा ठेवते, वेळ लागेल.

गळ्यात सदा कात्री लटकलेली म्हणून कपड्यांच्या कारखान्यात तुला कातरबाई नाव पडलं, आणि मी शर्टांची काजं करायची म्हणून काजवाली. मास्तर म्हणायचे, ही बेतायला बसली की कापडसुद्धा श्वास धरून पडतं. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. मला चार अक्षरं लिहिता येतात ती तुझ्या मापाच्या चिठ्ठ्या वाचून वाचून, आणि त्याच अक्षरांनी आज तुला फाडायची वेळ आली आहे.

कारखान्याच्या मागच्या गल्लीत नूडल्सवालीने हॉटेल टाकलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात आपण दोघी गेलो होतो. चार टेबलं, भिंतीला एक लांब फळी आणि आतून येणारी वाफ. डब्यातल्या गार जेवणाला तू विटली होतीस. तू नूडल्स मागवल्यास, मी भात, कारण भाताशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही. नूडल्स खायच्या त्या दोन काड्या तू अशा धरल्यास, जणू आईच्या पोटातून घेऊनच आलीस. माझ्या काड्यांतून कोबी निसटला तो शेजारच्या साहेबांच्या बुटावर, तर तू त्यांना म्हणालीस, राहू द्या साहेब, तिचं पहिलंच काज आहे. तेव्हापासून दर गुरुवारचं आपलं ठरून गेलं. तुझ्या नूडल्स, माझा भात, आणि अर्ध्यावर वाडगे बदलायचे. नोकरी सुटली, मास्तर गेले, कारखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आलं, गुरुवार काही सुटला नाही. तुझे यजमान गेले त्या आठवड्यातही तू आलीस. म्हणालीस, घरात सगळे माझ्याकडे बघतायत गं, मला जरा न बघणाऱ्या माणसाजवळ बसू दे. मी भातात तोंड घालून बसले. तू रडलीस की जेवलीस, मला आजही ठाऊक नाही.

आणि मग तुझी चिठ्ठी आली, तीही नातीच्या अक्षरात. दाढ दुखते, चावायला मनाई आहे, काही दिवस गुरुवारी जमणार नाही. मी ती खरी मानली. एकटी जात राहिले. सवयीने भात अर्धा खायचा आणि हात थांबायचा. नूडल्सवाली विचारायची, आवडलं नाही का? तिला काय सांगणार, बाई, समोरून दुसरा वाडगा यायचा आहे म्हणून. तिने पंखा बदलला. तिखट तेलाची बरणी आता टेबलाला दोरीने बांधली आहे, कुणीतरी पळवली म्हणे. ही सगळी बातमी मी तुझ्यासाठी साठवत होते.

गेल्या गुरुवारी तिच्या तोंडून निसटलं. म्हणाली, तुम्हीसुद्धा तुमच्या मैत्रिणीसारख्या सोमवारी या की, दुपार टळल्यावर, गर्दी नसते. म्हटलं, येते का ती? तिने जीभ चावली आणि पुसलेली फळी पुन्हा पुसायला लागली.

कातरबाई, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताकाला जाऊन भांडं लपवणारी तू कधीच नव्हतीस. घरी येऊन सुनेवर ओरडले, त्या बिचारीचा काय दोष? मग माझं काय चुकलं ते शोधत बसले. कमी ऐकू यायला लागल्यापासून मी मोठ्याने बोलते, त्याची तुला लाज वाटते? माझ्या गुडघ्याच्या कहाण्यांचा कंटाळा आला? दुसरी कुणी मैत्रीण मिळाली? मिळाली असेल तर ती वाडगा बदलते का, एवढंच मला विचारायचं होतं.

म्हणून या सोमवारी दुपार टळल्यावर मी समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. तुला काय काय बोलायचं ते सगळं पाठ केलं होतं. काचेतून तू दिसलीस. फळीशी, भिंतीकडे तोंड करून. काड्या बाजूला पडलेल्या. उजवा हात थरथरत होता आणि तो तू डाव्याने दाबून धरला होतास. नूडल्सवाली आतली कात्री घेऊन आली. लहान पोरांच्या वाडग्यात घालते तशी तुझ्या वाडग्यात घातली, कचाकच नूडल्स कापल्या, चमचा ठेवला आणि मागे न बघता निघून गेली. मी आत आले नाही. पाठ केलेलं सगळं त्या पायरीवरच राहिलं.

आता ऐक, माझा राग कशाचा आहे. हात थरथरतो याचा नाही. माझे कान गेले, तुझा हात गेला, घरोघरी मातीच्या चुली. कापडाच्या कात्रीने कुणाला कागदही कापू न देणारी तू, तुझ्या ताटात दुसरीने कात्री चालवलेली मला दिसू नये असं तुला वाटलं असेल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हेही मी समजू शकते. पण तुला वाटलं की मी बघेन. मी. यजमान गेले तेव्हा तुला न बघणारं माणूस हवं होतं तर तू माझ्याजवळ आलीस. मग आता ती कळकट भिंत माझ्यापेक्षा जवळची कधी झाली?

आज गुरुवार. मी गेले, नूडल्स मागवल्या आणि म्हटलं, कात्री आण. तिने आणली आणि कापून दिल्या. चमच्याने खाल्ल्या. खरं सांगते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगावर रस्सा सांडला नाही. त्या लांब शेपट्यांशी आपण उगाच झुंजत बसलो. पण बाई कापते अगदीच वेडंवाकडं. तू समोर असतीस तर एका मापाच्या करून घेतल्या असत्यास. अर्ध्यावर हात थांबला तो थांबलाच. उरलेला वाडगा तुझा आहे. पुढच्या गुरुवारी फळीशी बसू, दोघी भिंतीकडे तोंड करून. एवढं काय आहे त्या भिंतीत, मलाही बघू दे. आणि त्याआधी उत्तर लिही, लवकर लिही. नातीकडून लिहून घेतलेलं मी उघडणारसुद्धा नाही. तुझ्या अक्षरावरून मी अक्षर शिकले आहे, ते कितीही वाकडं आलं तरी मला वाचता येईल. एक ओळ पुरे, पण ती तुझ्या हातची हवी.

अजून रागातच असलेली,
तुझीच,
काजवाली