भैरूला वारं लागू नये म्हणून

३ मे, सकाळ

रात्रभर डोळ्याला डोळा नाय. भीतीनं नाय. मी भित्री नाय. पण डोळा मिटला की गाडीतला काटा दिसतो, लाल रंगावर जाऊन बसलेला.

काल नुसतं चांदणी चौकापर्यंत गेलो. चढ लागला आणि काटा पण चढला. इंजिनाचा एक काटा हाय, गिअरच्या तेलाचा एक. दोन्ही जोडीनं लालमध्ये. ह्यांनी गाडी कडेला घेतली, बोलले काहीच नाय. हे गप्प बसले म्हणजे कुवेतचा विचार करतात.

आमची गाडी साधी नाय. जपानची जुनी डिझेलची मिनीबस. एका ट्रस्टला देणगीत आलेली, गावोगाव डोळे तपासायला. ट्रस्टनं काढून टाकली, ह्यांनी घेतली आणि आत घर केलं. दोन पलंग, ओटा, बेसिन, पंखा. गिअर ऑटोमॅटिक. डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता अजून भिंतीवर हाय. हे म्हणतात राहू दे, गिऱ्हाईकाला टाइमपास.

लोकांना कुटुंबासकट देवाला, गावाला न्यायचं, असं चाललंय. पहिलं बुकिंग वीस तारखेला, वाईचं. धंदा लागला तर हे इथंच. नाय लागला तर परत कुवेत, जुन्या शेठची गाडी चालवायला. मागं गेले होते तेव्हा भैरू नव्हता. आता आठ महिन्यांचं पोर घेऊन मी एकटी काय करू.

म्हणून ठरवलं. गाडी मीच थंड करणार.

४ मे

विचार केला. मागच्या महिन्यात ही गाडी सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन आली, काटा हलला नव्हता. मग मधी काय झालं? रंग दिला. निळा, वर पिवळी पट्टी. गावठाणातलं येणारं-जाणारं उभं राहून बघतं. म्हणजे नजर लागली. सोपं हाय.

मीठ-मोहरी ओवाळून टाकली. तडतडली लय.

तशी गाडीची काळजी मी आधीपासून घेते. रंगाच्या वेळी ह्यांनी पुढची जाळी काढली तेव्हा बघितलं, तोंडाशी सगळं उघडं! वारं सरळ आत. आणि भैरू पुढंच माझ्या मांडीवर असतो. पोराला वारं लागलं की छाती भरते, हे काय शाळेत शिकवत नाय, आईला कळतं. हे जेवायला बसले तेवढ्यात मी आईच्या काळ्या लुगड्याची गोधडी चौघडी करून आत बसवली, सुतळीनं आवळली आणि जाळीचे चारी स्क्रू माझ्या हातानं लावले. काळी, म्हणून बाहेरनं दिसत पण नाय. शोभा गेली नाय.

ह्यांना सांगितलं नाय. खिडकीच्या फटीत बोळे कोंबले तेव्हा लय हसले होते.

६ मे

ट्रायल. खडकवासला. नजर उतरली होती म्हणून मी बिनधास्त. भैरूला टोपडं, वर कानटोपी, अंगात स्वेटर, पायात मोजे.

धायरीलाच काटा लाल. नजर उतरायला वेळ लागत असेल.

थांबत थांबत धरणावर पोचलो. गाडी थंड होईपर्यंत मक्याचं कणीस खाल्लं. परत तापली, परत कणीस. हे म्हणले, गाडी तेल कमी पिते, आपणच कणसं जास्त खातो. मला बरं वाटलं, बोलले म्हणजे.

संध्याकाळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या. म्हणल्या, आलात व्हय वाईवरनं? मी चहा टाकायला आत गेले. मोठ्यांना उलटं बोलू नये.

९ मे

गेनबा मिस्त्री आला. वारज्यात त्याचं गॅरेज हाय. त्यानं पाणी बदललं, पट्टा बदलला, गिअरचं तेल काढून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणला, तेल जळायला लागलंय. ह्या गाडीत गिअरचं तेल पण पुढच्या रेडिएटरशेजारी गार व्हायला येतं. इंजिन तापलं की तेल तापतं, तेल तापलं की गिअर सुटतो. जाळी काढून पुढनं पाण्याचा फवारा मारू या, माती-कचरा अडकला असंल.

मी म्हणलं, फवारा नको. भैरू आत झोपलाय, ओल धरंल.

गेनबा ह्यांच्याकडं बघायला लागला. हे म्हणले, ह्या घरात हवामान खातं तिच्याकडं हाय.

मग गेनबानं जाताना युक्ती सांगितली. तापायला लागली की आतला हीटर लावायचा, तो इंजिनाची गरमी ओढून घेतो. हे हसले, मे महिन्यात हीटर! मी नाय हसले. भैरूला बरंच हाय की.

संभाजीला विचारायची काय गरज नाय. संभाजी माझा भाऊ, लोणी काळभोरला ट्रॅक्टर-ट्रकचं गॅरेज हाय त्याचं. भैरूच्या बारशाला त्यानं भर पंगतीत ह्यांना सांगितलं, दाजी, ही गाडी नाय, चाकावरचं भंगार हाय. हे ताटावरनं उठले. तेव्हापासून बोलणं बंद. मी पण भैरूच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, मरंन पण संभाजीला फोन करणार नाय.

अजून मेले नाय. सगळं ठीक हाय.

१२ मे

भैरू दिवसभर किरकिर करतोय. अंगभर घामोळं. गाडीसारखंच त्याचं पण. नजर दोघांना एकदमच लागली.

आत्याबाई म्हणल्या, काढ गं शालू, ती टोपी, पोराची वाफ निघतीया. मी म्हणलं, वारं लागंल. तर ह्यांचं नाव घेऊन म्हणल्या, मच्छिंदरला मी ओट्यावर उघडा टाकून भांडी घासायची. काय झालं त्याला?

काय झालं ते मला माहीत हाय. भंगार गाडी घेतली. पण असं बोलत नसतात. लिहिलं फक्त.

नवीन ठराव: इंजिनाच्या झाकणावर ओलं पोतं टाकायचं. भैरूला कैरीचं पन्हं. नाय, उलटं. भैरूला काहीच नको, पन्हं ह्यांना.

१५ मे

वाईवाले काका-काकू गाडी बघायला आले. श्यामसुंदर काका आणि वासंती काकू, कोथरूडातच सोसायटीत राहतात. काका रिटायर्ड. काका जे दिसेल ते वाचतात. तक्ता बघितला आणि तिथंच उभं राहून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत वाचला, मोठ्यानं. म्हणाले, डोळे उत्तम आहेत, आता गाडीचं बघू. मला वरच्या तीन ओळी येतात, त्यात पण एक अक्षर शंकेचं हाय.

मग ओलं पोतं दिसलं. काका म्हणाले, हे काय, मोटारीला ताप आलाय का? पट्ट्या ठेवताय?

मी म्हणलं, थंडावा हाय, स्पेशल सोय.

काका म्हणाले, अस्सं. मग आम्ही शाली आणत नाही.

काका लय खवचट हायत. काकू बऱ्या. त्या भैरूकडंच बघत होत्या. म्हणाल्या, हिमालयात निघालाय का हा? मी हसण्यावारी नेलं. शहरातल्या लोकांना लेकरांचं काय कळतं.

रात्री हे फोनवर हळू बोलत होते. शेठ, महिन्याच्या शेवटी सांगतो, असं ऐकू आलं. मी झोपेचं सोंग केलं. सोंग चांगलं जमतं, झोप नाय जमत.

१९ मे

उद्या वाई. पूर्ण तयारी. पोतं भिजवलं. नारळ घेतला. लिंबू-मिरची दोन बांधल्या, एक पुढं, एक गिअरपाशी. हीटर चालतोय का बघितला, चालतोय. गोधडीची सुतळी जाळीतनं बोट घालून चाचपली. घट्ट हाय. तेवढं एक तरी ह्या गाडीत नीट बसलंय, माझ्या हातचं.

उद्या काटा मधोमध राहणार. काका खाली मान घालून बसणार. हे शेठला नाय सांगणार. संभाजीला लोकांकडनं कळंल, आणि तोच मला फोन करंल. तेव्हा मी उचलायला जरा वेळ लावणार.

मला अजिबात भीती नाय. नारळ जागेवर हाय का ते तीनदा बघितलं, एवढंच.

२० मे, कात्रजचा चढ

पुणं पण सुटलं नाय.

आंबेगावच्या पुढं चढ लागला, काटे उठले. मी म्हणलं, हीटर. ह्यांनी लावला. काकांनी पहिल्यांदा वरचं बटण सोडलं. मग दुसरं. मग म्हणाले, वासंती, मला वाटतं हे आपल्याला वाईला नेत नाहीयेत, शिजवतायत. काकू म्हणाल्या, तुम्हाला वेळ लागेल, तुम्ही जून आहात.

भैरू रडायला लागला. इतका रडला की श्वास धरला. तेवढ्यात गाडीनं पण श्वास धरला. इंजिन ओरडतंय, पाय दाबलेला, आणि गाडी जागेवर. गिअर सुटला. पुढनं वाफ, खालनं जळका वास. हे गाडी मागं घसरवत कडेला घेऊन खाली उतरले. बोनेट नाय उघडलं, शिवी नाय दिली. लांब दगडावर जाऊन बसले, हातात मोबाईल.

मी भैरूला घेऊन खाली आले. काकूंनी भैरूला माझ्या हातातनं घेतलाच. कानटोपी काढली. टोपडं काढलं. स्वेटर काढला. मी म्हणलं, अहो काकू, वारं! काकू म्हणाल्या, अगं, लागू दे की मेलं वारं! तेच हवंय त्याला.

घाटाचं वारं येत होतं. भैरू गप्प झाला. मग हसला.

मी तिथंच उभी. भैरूकडं बघितलं. मग गाडीच्या तोंडाकडं बघितलं.

पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर घेतला, चार स्क्रू काढले. गोधडी बाहेर ओढली. मधोमध तपकिरी झालेली, इस्त्री विसरल्यासारखी. काकू मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, इंजिनाला पण टोपडं? पण ह्यांना काही सांगितलं नाय. त्यांनीच घडी केली आणि पलंगाखाली सरकवून दिली. काकू लय चांगल्या हायत.

गोधडीमुळंच तापत होती असं काय सिद्ध होत नाय. पण वाफ गेल्यावर हे उठून आले, पाणी घातलं, इंजिन लावून बघितलं, तर काटा मधोमध. कधी नव्हे तो मधोमध. ह्यांना कळंना. म्हणले, घाट बघून शहाणं झालं वाटतं. पण गाडी हलत नाय. गिअरचं तेल जळून गेलंय, आणि ही गाडी उघडून नीट करणारा माणूस माझ्या माहितीत एकच हाय.

हे परत दगडावर जाऊन बसलेत. शेठचा नंबर काढून त्याकडं बघतायत. लावत नाहीत अजून.

काका-काकूंसाठी रिक्षा थांबवलीय. ही वही मी काकूंच्या पिशवीत टाकतेय, पाण्याच्या बाटलीशेजारी. तोंडानं सांगितलं असतं, पण हे इथंच हायत. आणि काका भेळेचा कागद पण वाचल्याशिवाय टाकत नाहीत.

काका, मागची पानं वाचू नका. वाचली असतील तर ते खवचट काका दुसरे.

जो कुणी वाचंल त्यानं माझ्या भावाला फोन करा. संभाजी, लोणी काळभोर, नंबर मागच्या पुठ्ठ्यावर हाय. माझी शपथ हाय म्हणून मी करत नाय, तुमची काय शपथ नाय. गिअरचं तेल घेऊन ये म्हणावं. गोधडीचा विषय काढू नका, आईच्या लुगड्याची हाय, नाव काढलं की तो ओळखंल. दाजींना काय बोलू नको, म्हणावं. गाडी अशीच बंद पडून राहिली तर हे कुवेतला जातील, एवढं सांगा.

आणि नाय म्हणला, तर म्हणा, शालूला झोप येत नाय. मग तो येतो.