राखीव पिशवी

३ सप्टेंबर २०२०
आले एकदाची पुण्यात! गोंदियाहून निघताना आई रडली, मी नाही. नारायण पेठेतल्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले. काम आवडलं. कोरोनातून बरे झालेल्यांचं रक्त तपासायचं आणि ज्यांच्यात अँटिबॉडी भरपूर, त्यांनाच प्लाझ्मा द्यायला बोलवायचं. जोडीला उत्कर्षा, इथलीच, चार वर्षं जुनी. डब्यातली अळूवडी पुढे केली. गोंदियात अळू उगवतं की नाही कोण जाणे, म्हणाली.

७ सप्टेंबर
आम्हा दोघींनाही जुलैत कोरोना होऊन गेलाय. रक्तगटही एकच, बी पॉझिटिव्ह. डॉक्टर मॅडमनी दोघींना तपासलं. उत्कर्षाची अँटिबॉडीची पातळी आजवरच्या सगळ्या दात्यांत जास्त. माझी नावापुरती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. तिच्या प्लाझ्म्याची एक पिशवी लगेच गेली, दुसरी राखीव म्हणून फ्रीजरमध्ये ठेवली.
मी बारा दिवस ऑक्सिजनवर होते. तिला नुसता खोकला.

२२ सप्टेंबर
पुन्हा तपासणी. नळ्यांवर चिठ्ठ्या मीच लावल्या. तिचं नाव माझ्या नळीवर, माझं तिच्या. मॅडमनी माझी पाठ थोपटली. उत्कर्षा एवढंच म्हणाली, "पंधरा दिवसांत माझं उतरलं आणि तुझं चढलं. छान."

२३ सप्टेंबर
माझा प्लाझ्मा लोणी काळभोरच्या रंगरावांना चढवला. एखाद्याला दुसऱ्याच्या प्लाझ्म्याची जोरदार अ‍ॅलर्जी येते, म्हणून नर्स शेजारीच बसून होती. त्यांच्या बायकोने, सोजरबाईंनी, खाली येऊन माझे हात धरले. "पोरी, तुझ्या रक्तात देव हाय."
माझ्याबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं.

२५ सप्टेंबर, सकाळी
रंगराव खालावलेत. चार वाजता उत्कर्षाची राखीव पिशवी त्यांना द्यायची, असं मॅडम म्हणाल्या. पाच वाजता आम्हा दोघींची फेरतपासणी. उत्कर्षानेच मागितली. चिठ्ठ्या ती स्वतः लावणार —

दीड वाजता
सगळे जेवायला गेलेत. राखीव पिशवी वितळवून घेतली. तिच्यातलं माझ्यात आलं की पातळी माझीही — रंगरावांना दुसरी शोधतील. शोधतीलच.

१.४०
सुई लागली. थेंब थेंब, पिवळा. बरं वाटतंय. आता आम्ही दोघी सारख्या.

१.५०
अंगभर गांधी उठल्यात. ओठ जड. घसा —
काचेबाहेर सोजरबाई. माझ्याकडे बघून हात जोडतायत. त्यांना वाटतंय, मी पुन्हा देतेय —
हाक मारायचीय. आवाज