तेलाचं बोट

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी
शॉपमध्ये पूजा. टाक्या, कंप्रेसर, लेथ, सगळ्यांना झेंडूच्या माळा. माझ्या लॅबमधल्या घर्षणाच्या मशीनकडे कोणी ढुंकून बघणार नव्हतं, म्हणून मीच केली. वाटीत तेलात कुंकू कालवलं आणि वरच्या दांड्याला बोट टेकवलं. शेठ दारातून म्हणाले, मॅडम, तुमचं मशीनपण नटलं की. नटणारच, वर्षभर राबतंय बिचारं. ग्रुपवर फोटो टाकले. घरी येताना सावेडीत कोपऱ्या-कोपऱ्यावर आपट्याचे ढीग. उद्या सुट्टी, मस्त झोपणार.

३ ऑक्टोबर, शुक्र.
अर्जंट लॉट. ऊस उतरवायच्या क्रेनच्या सांध्यातल्या पिना, मनगटाएवढ्या जाड. ब्लॅकोडायझिंग करून, म्हणजे उकळत्या मिठाच्या टाकीत काळा थर चढवून, आजच हव्यात, म्हणे सीझन तोंडावर आलाय. टाकीतून निघाल्या तेव्हा मला काळ्यात तांबूस झाक वाटली. टाकी सांभाळणारे शिंदेकाका म्हणाले, तेलात बुडल्या की दिसणार नाही. खरंच दिसली नाही. पण मी रंगावर जात नाही, मशीनवर जाते. पिनांबरोबर टाकीत सोडलेली नमुन्याची चकती धुतली, कोरडी केली, मशीनवर चढवली. चकती फिरते, दांड्यातली गोळी तिच्यावर घासते. काळा थर गेला की आलेखाची रेघ वर उडी मारते. आज तासभर रेघ हलली नाही. सहा वर्षांत इतकी सपाट रेघ पाहिली नव्हती. शेठनी सगळ्यांना चहा सांगितला. सही केली, झोकात.

७ ऑक्टो. मंगळ.
पिना टेम्पोत चढल्या. कोणत्या कारखान्याला, ते काम आणणाऱ्या ठेकेदाराला माहीत. मी विचारलं नाही.

१५ ऑक्टो.
दुसऱ्या गिऱ्हाइकाचा लॉट. तीच टाकी, तेच मीठ. रेघ सात मिनिटांत उडाली. लॉट परत टाकीत. शिंदेकाका कुरकुरले की मागच्या वेळी तर पास झालं होतं, मग आताच काय झालं. मीही तेच म्हणत होते. नंतर बघू, दिवाळीची साफसफाई पडलीय.

२३ ऑक्टो. भाऊबीज
माहेरी, कर्जतकडे. दादाला ओवाळलं. पंधरा वर्षं झाली त्याला तिथल्या साखर कारखान्याच्या केन यार्डात. क्रेनखाली उभं राहून ट्रॅक्टरच्या ट्रेलरमधल्या उसाला साखळदंड अडकवायचा, हात वर करायचा, की क्रेन अर्धा ट्रेलर ऊस एका वेळी उचलून गव्हाणीत, म्हणजे गाळपाकडे नेणाऱ्या पट्ट्यावर, टाकते. जेवताना म्हणाला, यंदा क्रेनला नव्या काळ्या पिना बसवल्या, नगरच्या एमआयडीसीतल्या. मोबाईलवर फोटो दाखवला. टोकावर आमच्या शॉपचा शिक्का. मी फुशारकीनं सांगितलं, या मीच पास केल्या. दादा वहिनीकडे वळून म्हणाला, "आता काय भ्या न्हाई. आपल्या सुमीनं तपासल्यात."
वहिनीनं मला आणखी एक करंजी वाढली.

२५ ऑक्टो. शनि.
दिवाळीचे फोटो चाळत होते. मागे मागे जाता खंडेनवमीचा फोटो आला. दांड्यावर कुंकू. आणि त्याच्यातून तेलाचा एक ओघळ खाली, थेट गोळीवर.
गोळी मी पूजेच्या आदल्या संध्याकाळीच नवी बसवून ठेवली होती, पुढच्या चाचणीसाठी. नवी आहे म्हणून शुक्रवारी हात लावला नाही. चकती धुतली, गोळी नाही. ती सपाट रेघ थराची नव्हती. माझ्या बोटाच्या तेलाची होती.
जेवले नाही.

२७ ऑक्टो. सोम.
त्या लॉटच्या दोन चकत्या कपाटात होत्या. नवी गोळी, तीन वेळा धुतली. पहिली चार मिनिटांत गेली. दुसरी पाच. थर सोलून खाली पांढरं पोलाद उघडं, आणि कडेला तांबडी भुकटी. ही भुकटीच वाईट. थर जातो तो जातो, वर त्याचाच चुरा मधे अडकून पिन आणि ती ज्यात बसते तो बुश, दोघांना कुरतडतो. मग पिन बुशमध्ये जाम होते, त्याच्याबरोबर फिरायला लागते, तिला धरणारी पट्टी तुटते आणि पिन हळूहळू बाहेर सरकते. खाली कोण उभं असतं ते मला माहीत आहे.

२८ ऑक्टो.
शेठना सगळं सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावलं. शांतपणे ऐकलं, हेही खरं. म्हणाले, तिथे ग्रीस भरतात, पिन कोरडी चालते कुठे, कोरडी चाचणी कागदापुरती. यात तथ्य नाही असं नाही. पण दादाच म्हणाला होता, गेल्या सीझनला ग्रीसची तोंडं माती-पाचटानं बुजली होती, कोणी साफ केली नाहीत. तेही सांगितलं. तेव्हा शेठ उठले. "मॅडम, रिपोर्टावर सही तुमची आहे. माझी नाही."
मी केबिनबाहेर आले. दिवसभर दुसऱ्याच लॉटच्या चकत्या धुतल्या. स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

३१ ऑक्टो. शुक्र.
दादाला फोन. आधी हसला. उद्या गाळपाचा शुभारंभ, मोळी टाकायचा कार्यक्रम, सगळे संचालक येणार, मांडव पडलाय. "पिना काडा म्हनून सांगू कुनाला? आन् काय सांगू, भनीनं पूजंचं त्याल सांडलं म्हनून?"
एवढंच बजावलं की पिनेच्या कडेला तांबडी भुकटी दिसली किंवा सांधा कुरकुरला तर खालून बाजूला हो, मग बोल. बरं म्हणाला. त्याचं बरं मला माहीत आहे. लहानपणी विहिरीत उतरू नको म्हटलं की असंच बरं म्हणायचा.

१ नोव्हें.
गाळप सुरू झालं असणार. मी शॉपमध्ये दिवसभर चुका केल्या. चकतीचे नंबर दोनदा उलटे लिहिले.

४ नोव्हें. मंगळ.
केलं शेवटी. जुना रिपोर्ट रद्द, नवे आलेख आणि ओघळाचा फोटो, सगळं कारखान्याच्या इंजिनिअरना मेल केलं. माझ्या नावानं. चूक माझी, असं स्पष्ट लिहिलं. शेठच्या टेबलावर प्रत ठेवली. त्यांनी ती नुसती बघितली. शिंदेकाकांनी डब्यातली भाकरी अर्धी माझ्याकडे सरकवली.

६ नोव्हें.
उत्तर आलं. दोन ओळी. साफसफाईसाठी कारखाना बंद राहील तेव्हा पिनांची पाहणी करण्यात येईल. म्हणजे कधी? फोन केला. साहेब राउंडला गेलेत.

९ नोव्हें. रवि.
दादाशी बोलले. सगळं ठीक म्हणाला. आवाज येतो का विचारलं तर म्हणाला, यार्डात कशाचा आवाज येत न्हाई ते सांग. वाहनांची रांग पार रस्त्यापर्यंत लागलीय. क्रेन थांबवायचं नाव काढलं तर लोक अंगावर येतील.
मशीनच्या दांड्यावरचं कुंकू आज घासून काढलं. पूर्ण गेलं नाही.

११ नोव्हें. मंगळ.
एस.टी.त लिहितेय. अक्षर हलतंय.
दीड वाजता दादाचा फोन. पहिल्यांदाच स्वतःहून. "सुमे, पिनंच्या कडंनं कुकवागत येतंय काय तरी. फडक्यानं पुसलं. परत आलं."
म्हटलं, बाजूला हो. आत्ता. क्रेन थांबव.
"खाली उबं ऱ्हायाचीच ड्युटी हाय माजी. हा एक टेलर रिकामा झाला की सुपरवायझरला सांगतो."
एक ट्रेलर म्हणजे दोन उचली. फार तर दहा मिनिटं. सांगून लगेच फोन करतो म्हणाला. मी इंजिनिअरच्या ऑफिसला लावला, तिथल्या माणसाला सगळं सांगितलं. लिहून घेतो म्हणाला. शेठना न विचारता निघाले. त्यांनी गेटपर्यंत येऊन एवढंच विचारलं, तुमचा भाऊ आहे का तिथे? हो म्हटलं. त्यांचा चेहरा मला आत्ता आठवायचा नाही.
आता सव्वातीन. वाटेतलं मिरजगाव अजून यायचंय.
दादाला नऊ वेळा लावला. रिंग जाते. उचलत नाही.
केन यार्डात आवाज फार असतो. त्याला रिंग ऐकू जात नाही. नेहमीच जात नाही.