ल्युशसचा कप

टॅलो बेंड, मिसिसिपी
४ मार्च १९५२

चि. ओझेला हिस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, असं मॉडीन पाद्रीणबाई म्हणतात. तुझी पत्रं त्याच वाचतात, माझी त्याच लिहितात. मला काय, सगळीच अक्षरं कोंबडीची.

तू लिहितेस, तुझं पहिलं नाटक पडलं, गोष्टींचं पुस्तक कुणी घेईना. आता नव्या नाटकाला थिएटरवाला मिळाला, तर म्हणे शेवट बदल. ल्युशसमामा मरायला नको, गाडीत बसून शिकागोला जाऊ दे. अगं, ती थाप माझी! कापसाच्या गिरणीवाल्या गोऱ्याच्या माणसांनी माझ्या पोराला मारून नदीत टाकलं, तेव्हा त्यांनी घर जाळू नये म्हणून मीच गावभर तसं सांगत फिरले. नातीने आता ती मलाच विकावी?

गुडघे आहेत तसेच. लोभ आहेच, पत्र तेवढं जाड पाठव.

आजी

न्यूयॉर्क
१५ मार्च

ती. आजीस शि. सा. न.

शेवट बदलला, करारावर सहीही केली. हे नाटक पडलं तर पुन्हा लोकांची धुणी धुवायची. आणि खरं लिहिलं, तिकडच्या पेपरात आलं, तर ती माणसं आधी तुझ्या दारात येतील. मामा इथे तरी रोज जिवंत राहील. रागावू नकोस.

तुझ्याच मायेवर उभी,
ओझेला

टॅलो बेंड
२६ मार्च

चि. ओझेला हिस आशीर्वाद.

सोबतच्या खोक्यात ल्युशसचा कप आहे. शेवटची कॉफी तो यातूनच प्यायला. मेलेल्याचा कप फोडून थडग्यावर ठेवावा, म्हणजे तो सुटतो, हे तुला मी सांगायला नको. मी फोडला असता तर गावाला कळलं असतं. म्हणून कप फळीवर अख्खा, आणि पोरगं ना इथलं ना तिथलं. तू त्याला रोज गाडीत बसवशील गं, उतरवशील कुठे?

ती माणसं आली तर खुर्ची देईन. या गुडघ्यांनी पळणार थोडीच! इथे पाद्रीणबाई लिहायच्या थांबल्या. म्हटलं, रडा मागाहून, आधी लिहा. नाटकाच्या शेवटी कप फोड. एकच आहे, तालमीत नटीच्या हाती देऊ नकोस.

तुझा लोभ त्या कपाएवढा पुरे.

आजी

ता. क. माझा कप पाद्रीणबाईंकडे ठेवलाय. घर जळालं तर फोडायला काहीतरी उरावं.

न्यूयॉर्क
९ जून

ती. मॉडीनबाईंस सा. न.

जुनाच शेवट ठेवला. थिएटरवाला सोडून गेला, खेळ चर्चच्या तळघरात केला. कप फुटला तेव्हा टाळी वाजली नाही. सगळे उभे राहिले. मग ते पेपरात आलं.

तुमचं पत्र पोचलं. घर गेलं, आजी गेली. खुर्ची अंगणात सापडली, असं लिहिलंत.

तिचा कप तुम्ही फोडू नका. मी निघाले आहे.

ओझेला