धुळ्याच्या टीव्हीसकट

जळगाव, फेब्रुवारीतला दुसरा रविवार, दुपार

आबा,

फार दिवसांनी लिहितेय, रागावू नका. वहीतलं तुमच्या नावाचं मागचं पान तुमच्या नातीच्या दहावीच्या निकालाचं आहे, आणि आता ती पुण्याला वसतिगृहात राहते. मधल्या काळात लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं नाही. पण तुम्हाला लिहायचं तर काहीतरी विचारायचं असावं लागतं, नुसतं कळवायला बसले की हात थांबतो. आज विचारायचं आहे. प्रश्न इतका किरकोळ आहे की तुमचे जावई ऐकून हसले.

आमच्या घरच्या इंटरनेटबरोबर डझनभर ॲप येतात. तुम्हाला हे समजावणं अवघड जाऊ नये. सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या पिशव्या अडकवून तुम्ही धुळ्याच्या गल्ल्यांतून मासिकांचे गठ्ठे फिरवायचात, तसंच आहे हे. महिन्याची एक वर्गणी भरायची आणि त्यात साप्ताहिक, बायकांचं मासिक, सिनेमाचं हिंदी मासिक, मुलांचं काहीतरी, असं सगळं यायचं आणि आठवड्यानं वाचून परत जायचं. आता त्यात सिनेमे येतात, मालिका, क्रिकेट, गाणी, वर्तमानपत्रं. जास्त भरणाऱ्याला नवं आधी मिळतं, हाही तुमचाच नियम. फक्त सुतळी नाही, आणि दारात कुणी येऊन उभं राहत नाही.

आता कंपनीनं कळवलंय की योजना बदलते आहे. लहान योजना एकाच घरात चालेल. दुसऱ्या घरातल्या टीव्हीवरही हवी असेल तर मोठी घ्यावी लागेल, आणि तिच्यात आम्ही कुणीही न मागितलेली आणखी आठ-दहा ॲप गळ्यात पडतील. दुसरं घर म्हणजे धुळ्याचं. आई तिथे एकटी असते, तुमच्यामागे तशीच राहिली. टीव्ही मी दिवाळीत घेऊन दिला आणि त्यावर आमचीच योजना जोडून दिली. उद्या शेवटचा दिवस. उद्या काही केलं नाही तर आपोआप लहान योजना सुरू होईल आणि आईचा टीव्ही बंद पडेल.

आठवडाभर मी याचा विचार करतेय. कोण काय बघतं ते डोक्यात मांडत बसते. हे क्रिकेट बघतात आणि बातम्यांवर ओरडतात. लेक पुण्यात फोनवर कोरियन मालिका बघते, तीही परीक्षा जवळ आली की जास्त. मी एक वर्तमानपत्र वाचते आणि जुनी नाटकं लावते, ती बघता बघता झोपते. म्हणजे आमची गरज तीन-चार ॲपची. पण ती सुटी घ्यायला गेलं तर सगळ्यांच्या गठ्ठ्यापेक्षा महाग पडतात. "चार घेतली की महाग, बारा घेतली की स्वस्त," हे जेवताना म्हणाले, "हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात गं?" मी म्हटलं, माझ्या वडिलांच्या. ते हसले. मग ताटातली भरीत-भाकरी संपवता संपवता म्हणाले, "अगं, लहानच घे. तिकडचा टीव्ही बंद पडला की येतील आई आपोआप इकडे. मग सगळ्यांनी मिळून बघा एकच टीव्ही."

चेष्टाच होती ती. पण मी उठून ताटं आवरायला घेतली, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं.

तुम्हाला आईचं माहीत आहे. दुसऱ्या कुणा बाईबद्दल बोलतानाही ती म्हणते, "जावाईना घर कोनी राहस का?" मी तुमची एकुलती एक. मुलगा असता तर ती त्याच्याकडे केव्हाच गेली असती, आणि आता जायला घर आहे तर ते जावयाचं आहे. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात घसरली आणि शेजारच्या काकूंना कळायला दुपार झाली. तेव्हापासून मला फोन वाजला की आधी धुळं दिसतं.

आबा, मी एक केलं. आईच्या टीव्हीवर काय काय लागतं याची यादी माझ्या फोनवर दिसते, ती मी उघडून बघितली. मला वाटलं होतं कीर्तनं असतील, मालिका असतील. निघाली परदेशातली केकची स्पर्धा. तंबू ठोकून त्यात दहा-बारा माणसं केक भाजतात, परीक्षक येऊन चव घेतात आणि एकेकाला घरी पाठवतात. सगळं इंग्रजीत. तेच भाग पुन्हा पुन्हा लावलेले. हे ॲप आम्ही कुणी मागितलं नव्हतं, कधी उघडलंही नव्हतं.

यादी बंद केली आणि मला तुमचा राग आठवला.

उन्हाळ्याची सुट्टी आहे. स्वयंपाकघरात आई छोट्या पातेल्यात मैद्याची खळ शिजवतेय आणि इतक्या मैद्यात किती करंज्या झाल्या असत्या हे तुम्हाला ऐकवतेय. तुम्ही फरशीवर बसून फाटकी मुखपृष्ठं चिकटवताय, बोटं पांढरी झालीत. मी परत आलेले गठ्ठे सोडवून मासिकं वेगळी करतेय. प्रत्येक गठ्ठ्यात ते एक शेतीचं मासिक आहे, कुणी मागो न मागो, वकिलांच्या घरी, राजस्थानातून आलेल्या शेठजींच्या घरी, सगळीकडे. एक गठ्ठा माझ्या हातात येतो आणि त्याची गाठ तुमचीच असते, तुम्ही मारता ती दुहेरी. मागच्या खेपेलाही तशीच होती. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचा गठ्ठा. मी म्हणते, "आबा, त्या तर सोडतच नाहीत. त्यांची वर्गणी बंद करा ना." तुम्ही वर न बघता म्हणता, "कोण काय वाचतं ते आपण बघायचं नसतं." मी म्हणते, पण फुकट पैसे जातात त्यांचे. तेव्हा तुम्ही वर बघता. "गाठ बघायची नाही म्हटलं ना! ऊठ इथून." माझ्यावर तुमचा आवाज तसा क्वचितच चढायचा. मी अंगणात जाऊन बसते. थोड्या वेळानं आई खळीची खरवड वाटीत देते, ती मला आवडायची.

इतकी वर्षं मी त्या दोन गोष्टींतून माझ्यापुरते आबा तयार केले होते. शेतीचं मासिक म्हणजे माणसानं न मागितलेलंही वाचावं ही तुमची इच्छा. गाठ म्हणजे तुमची सभ्यता. कॉलेजात एका भाषणातसुद्धा मी हे सांगितलं होतं, टाळ्याही पडल्या.

काल एसटीनं धुळ्याला गेले. पारोळ्याला बस थांबली तेव्हा ठरवलं, आईला सरळ सगळं सांगायचं. घरात शिरले तर टीव्हीसमोर आई आणि शेजारच्या काकू, मध्ये परात, दोघी मेथी निवडतायत आणि पडद्यावर एक बाई डोळे पुसतेय.

"काय झालं तिला?" मी विचारलं.

"केक बसी गया तिना," आई म्हणाली. "माले पह्यलेच वाटनं व्हतं. घाई करी तिनी."

काकू म्हणाल्या, "मागल्या भागात बी अशीच करे. समजतच नही तिले." मग माझ्याकडे बघून, "ये, बैस. जळगाववाले आते फक्त शनिवारले येतस वाटतं!"

दोघींना इंग्रजीचा एक शब्द कळत नाही. मी म्हटलं, मराठीतलं लावून देऊ का? आई म्हणाली, "कसाले? आठे बठ्ठं दिखस ना." सगळं दिसतंच की इथे, मग कळायला काय हवं, असं तिचं म्हणणं.

भाग संपला. बराच वेळ कुणी रिमोट हातात घेतला नाही तेव्हा पडद्यावर प्रश्न आला, अजून बघताय का. टीव्हीवरची ही भाषा तुमच्या नातीनं मराठी करून दिलीय. आईनं मेथीचे हात पदराला पुसले, रिमोट उचलला आणि हो दाबलं. "इचारस मधमधमा," ती मला म्हणाली, जशी एखाद्या पाहुण्याची तक्रार करावी. "दिनभरमा इतलं तर कोनी इचारत नही." काकू हसल्या. मला हसू आलं नाही, आणि का आलं नाही तेही नीट कळलं नाही. मी रोज संध्याकाळी फोन करते, आबा. मीही विचारतेच की, जेवलीस का, गोळी घेतलीस का.

काकू गेल्यावर मी योजनेचं सांगितलं. लहान, मोठी, दुसरं घर, सगळं. आईनं ऐकून घेतलं. "मंग बंद कर," ती म्हणाली. "माले कसाले इचारस? तुना बाप असता तर त्यानी जाडा गठ्ठा बांधी दिधा असता."

त्यावरून शेतीच्या मासिकाचा विषय निघाला. मी म्हटलं, आबांना वाटायचं ना, लोकांनी वेगळं काहीतरी वाचावं. आई माझ्याकडे बघतच राहिली. "ते? ते तुना बापले फुकट भेटे. गठ्ठा जाड दिखाले पाहिजे म्हनीसन टाके."

मग मी गल्लीच्या टोकाच्या बाईंचं विचारलं, ज्यांची गाठ कधी सुटायची नाही. आई निवडलेली मेथी कागदात गुंडाळत म्हणाली, "ती? तिले कुठे वाचता ये!"

"मग घ्यायची कशाला?"

"काय माहीत. तिना घर गठ्ठा ये, बस."

"आणि आबांना माहीत होतं?"

"माहीत नही तर काय!"

परतीच्या बसमध्ये मी हेच उलटसुलट करत बसले. वाचता न येणाऱ्या बाईकडून तुम्ही दर महिन्याला वर्गणी घेतलीत. हे चुकीचं वाटतं. पण तुम्ही बंद केली असतीत तर तिच्या दारात आठवड्याला एकदा वाजणारी सायकलची घंटाही बंद झाली असती, आणि हेही मला चुकीचं वाटतं. की तुम्हाला फक्त एक गिऱ्हाईक गमवायचं नव्हतं? ज्या माणसानं फुकटच्या मासिकानं गठ्ठा जाड केला, त्यानं असाही विचार केला असेल. माझ्यावर ओरडलात ते तिची लाज राखायला की स्वतःची? मला उत्तर हवंय आणि आईकडे ते नाही. तिला त्याची गरजही वाटत नाही. आणि शेतीच्या मासिकाचं म्हणाल तर, ते खरंच कुणी वाचत असेल का? केकच्या स्पर्धेसारखं, कुणाची तरी दुपार त्यानं भरली असेल का? मी त्या मासिकात काहीतरी अर्थ बघत होते तो आता काढून टाकायचा, की तुमच्या हेतूशिवायही तो राहतो? गोंधळ झालाय माझा.

आता दुपारचे हे झोपलेत. टीव्ही बंद आहे. माझ्यासमोर फोनवर दोन चौकोन आहेत, लहान आणि मोठा, आणि आठवडाभर मी ज्याचं मोल ठरवत बसले ते या दोन्हीत कुठेच लिहिलेलं नाही. आईनं "बंद कर" म्हटलं तेव्हा मला आधी बरंच वाटलं, ते मला कालच कळलं होतं, बसमध्ये मी ते तुमच्या गाठीखाली झाकून ठेवलं. सांगूनच टाकते. तुमच्या जावयांनी चेष्टा केली त्याच्या आधीपासून ती गोष्ट माझ्या मनात होती. टीव्ही बंद पडावा, दुपारी काकू येईनाशा व्हाव्यात, घर मोठं वाटायला लागावं आणि आईनं स्वतःहून पिशवी भरावी. म्हणजे मला विचारावं लागणार नाही. कारण मी तिला एकदाही विचारलेलं नाही, आबा, की माझ्याकडे येतेस का. ती नाही म्हणेल हे मी तिच्या वतीनं ठरवून टाकलंय, आणि ती हो म्हणाली तर काय, हेही मी कधी पुढे नेऊन बघितलेलं नाही.

तिचा टीव्ही बंद पाडून मग विचारलं तर ते विचारणं होणार नाही. तिच्याकडे केक असू देत, काकू असू देत, मधेमधे विचारणारा तो पडदाही असू दे, आणि तरीही मी विचारावं. एवढंच आत्ता मला धडपणे कळतंय. बाकीचं तुमच्याकडेच राहू दे. हे पानही वहीतच राहील.

उद्या: धुळ्याच्या टीव्हीसकट मोठी योजना चालू करणे, आईला फोन करण्याआधी.