खालच्या पट्टीवरची नावं

चोपडा, ४ मार्च २०२५

चि. ज्ञानेश्वर यास आजी भिकुबाईचा अ. उ. आ.

धुळ्याच्या कॉलेजात बरा असशील, जेवायचा तू विसरत नाहीस. मी तिसरी शिकलेली, अक्षराला हसू नको. फोनशेजारी तुझा बाप रुपचंद, तुम्हा पोरांचा नाना, बसलेला असतो, म्हणून हे पत्र हिलाल कंडक्टरच्या एसटीत देते. उत्तर त्याच्याच हाती दे.

आपल्या केळी पिकवायच्या दोन खोल्या. दोन नंबरमधला बठ्ठा माल, एकूण एक घड, शिजल्यासारखा झाला, एक नंबरचा अजून हिरवा दगड. खोल्यांचा गारवा कमी-जास्त करायच्या कॉम्प्युटरवर तुझी वहिनी कामिनी बसते, म्हणून रुपचंदने तिलाच धरलं. हमालांदेखत म्हणाला, बाईच्या जातीला यंत्र कळत नाही. सोमवारपासून तिच्या खुर्चीवर जळगावचा माणूस बसवणार. ती उलटून बोलली नाही, मला तिचाच राग आला. आज नवा माल भरलाय. शिवरात्रीला येऊन त्या यंत्रात काय करून गेलास ते लिही.

भिकुबाई

धुळे, ५ मार्च

ती. मोठी माय, शि. सा. न.

मी काही बिघडवलं नाही. नानांनी दारांचे नंबर वजनकाट्याकडून मोजून नव्याने रंगवले. एकची दोन झाली, दोनची एक. म्हणून मी कॉम्प्युटरवरही नावं बदलली. पडद्यावर दोन्ही खोल्यांची चित्रं सारखीच दिसतात, वहिनींनी नाव न वाचता दाबलं असेल. त्यांना सांग, घाई नको. तू गुडघ्यांना जप.

तुझा ज्ञानेश्वर

चोपडा, ६ मार्च

चि. ज्ञानेश्वर यास आ.

गुडघे माझे मी बघेन. आज कामिनीला बसवलं आणि शेजारी उभी राहिले. पडद्याच्या खालच्या पट्टीवर तिने बाण नेला, ‘खोली एक’ अशी अक्षरं आली. मी स्वतः वाचली. मग मी दारांपाशी गेले आणि तिला गारवा वाढवायला लावला. पंखा दोन नंबरचा घोंगावला. तीनदा केलं, तीनदा दोन नंबरचाच. ती वाचूनच दाबते रे. न बघता निघून गेलास तो तू.

सध्या ती आठवणीने उलटं दाबून माल सांभाळते आहे. सोमवारचा माणूस नाव वाचून सरळ दाबेल, आणि हाही माल जाईल. उपाय कागदावर लिही, तोंडी सांगितलेलं माझ्या डोक्यात राहत नाही.

भिकुबाई

धुळे, ७ मार्च

ती. मोठी माय, शि. सा. न.

चूक माझी आहे. नावं मी वर, डेस्कटॉपवर बदलली. खालच्या पट्टीवर टाचलेली चित्रं जुन्याच नावाने राहतात, हे लक्षात आलं नाही. वहिनींना सांग: पट्टीवरच्या चित्रावर उजवं बटण दाबून ते काढून टाकायचं. मग वरच्या बरोबर नावाच्या चित्रावर उजवं बटण दाबून ते पट्टीवर परत टाचायचं. दोन्हींचं असंच.

पण मोठी माय, नानांना सांगू नको. त्यांनी मला पुढे शिकायला पुण्याला पाठवायचं कबूल केलंय. माल नीट निघाला की वहिनींचंही निभेल.

तुझा ज्ञानेश्वर

चोपडा, १० मार्च

चि. ज्ञानेश्वर यास आ.

कामिनीने कागद बघून एकटीने केलं. आता नाव एकचं तर पंखाही एकचा.

मग तुझं पत्र मी रुपचंदच्या हातात दिलं, त्याच हमालांदेखत. म्हटलं, चष्मा घरी राहिला, वाचून दाखव. ‘नानांना सांगू नको’ इथे त्याचा आवाज बसला. मी म्हटलं, मोठ्याने वाच, मला ऐकू येत नाही. शेवटपर्यंत वाचलं. मग जळगावच्या माणसाला फोन करून येऊ नको म्हणाला, आणि कामिनीला खुर्ची दाखवली.

ती बसली नाही. म्हणाली, “नाना, जे बठ्ठ्यांदेखत बोललात ते बठ्ठ्यांदेखत परत घ्या.”

शेवटी त्याने परत घेतलं, हळू आवाजात. पण हमालांचे कान तिखट असतात. मग ती बसली.

तुझ्या पुण्याचं त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. ते तुझं तू विचार. रविवारी ये. दोन नंबरची खोली अजून वास मारते, ती तू धुशील.

लोभ आहे. रविवारी आला नाहीस तर नसेल.

भिकुबाई